उन्हात आंबलेली फ्रेंच बाटली

लोक मला बुद्धिमान समजत असत तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे फारच जुनी. ठाण्याच्या कचेरीत मी इंग्रजी कारकून होतो, आणि ज्याला इंग्रजी येते त्याला बाकीचेही सगळे येत असावे असा त्या काळी समज होता. तो इतरांपुरता राहिला असता तर निभावले असते. मलाही तसेच वाटे, तिथे घोळ झाला.

थंडी पडू लागली की आमच्या असिस्टंट कलेक्टर साहेबांचा दौरा निघे. तंबू, राहुट्या, टेबले, खुर्च्या, कोंबड्यांचे खुराडे, दप्तराचे पेटारे आणि त्या पेटाऱ्यांवर बसलेले आम्ही कारकून. पहिला मुक्काम कल्याणला तळ्याच्या काठी, मग टिटवाळा, खडवली, आणि पुढे होळीपर्यंत मुरबाड-शहापूरची राने. आदल्या वर्षी मुरबाडच्या रानात मला हिवतापाने असा धरला होता की परत आलो तेव्हा माझ्याच दारात मला घरातून ऐकू आले, "आज काही नाही हो बाबा, पुढे जा." नंतर कुटुंबाने ओळख पटवून घेतली, पण एक काठी जवळ ठेवूनच.

त्यामुळे या वर्षी मी साहेबांना अर्ज दिला होता. ठाण्याच्या दप्तरखान्यात एक जागा रिकामी होती. काम एवढेच की जुन्या कागदांना वाळवी लागू द्यायची नाही, आणि वेळेवर घरी जाऊन ऊन ऊन जेवायचे. मला वाळवीचा राग पहिल्यापासून होता. अर्जात मी प्रकृती, वृद्ध आई आणि सरकारी कागदांविषयीचे प्रेम अशी तीन कारणे दिली होती. त्यांतली आई तेवढी खरी, आणि तीही माझ्यापेक्षा धट्टीकट्टी.

दौरा निघण्याआधी साहेबांनी मला बंगल्यावर बोलावले. त्यांचे मराठी मुनशीने पोथ्यांवरून शिकवलेले होते. व्याकरणात चूक सापडायची नाही, पण ऐकताना कीर्तनाला बसल्यासारखे वाटे.

"विलायतेहून माझी एक पेटी येणार आहे," ते म्हणाले. "तीत मदिरेच्या सहा बाटल्या आहेत. मी कल्याणास पुढे जातो. पेटी आली की पाच बाटल्या या बंगल्यात ठेवा आणि एक घेऊन या. मुंबईहून मोठे साहेब माझ्याकडे भोजनास येणार आहेत. त्यांची जिव्हा फार जाणती आहे."

"आज्ञा, साहेब."

"ही मदिरा नाजूक आहे. तिला उष्णता सोसत नाही. हलवलेलेही सोसत नाही."

"समजलो, साहेब. जावयासारखी आहे."

साहेबांनी क्षणभर विचार केला. बहुधा त्यांच्या पोथीत जावई आलेला नव्हता. "तसे असेल," ते म्हणाले. "ती सुखरूप पोहोचली तर तुमचा अर्ज मी त्याच रात्री मंजूर करीन."

म्हणजे माझा हिवाळा त्या बाटलीत बंद होता. असे कळल्यावर दुसऱ्या एखाद्याने पेटी येताच बाटली पंच्यात गुंडाळून आगगाडीत बसून कल्याण गाठले असते. पण मला इंग्रजी येत होते. मी विचार केला. आगगाडी हलते, इंजिन तापते, आणि बाटलीला हलवणे आणि तापणे दोन्ही वर्ज्य. उलट खाडीतून मचवा जातो. खाली पाणी, वर वारा. भरती लागली की होडी पाळण्यासारखी सरळ कल्याणच्या बंदराला. ही युक्ती आजवर कोणाला सुचली नाही याचे मला नवल वाटले. कोणाला का सुचली नव्हती ते दुपारी कळले.

पेटी आली, तेव्हा पाच बाटल्या बंगल्यात ठेवून मी मचवा ठरवला. मचव्याच्या तांडेलाने सांगितले होते, उजाडताच या, भरती कोणासाठी थांबत नाही. पण दौऱ्यावरून सुटका होणार या आनंदात घरी घावने केली होती, नारळाच्या रसासकट. नारळाचा रस सोडून भरतीच्या मागे धावणारा माणूस मी नव्हे. मी बंदरावर पोहोचलो तेव्हा तांडेलाने माझ्याकडे, मग पाण्याकडे पाहिले आणि शीड सोडले. पारसिकाच्या डोंगराखालून छान गेलो. मुंब्राही गेले. डोंबिवलीच्या अंगाला आलो, दोन्हीकडे खाजणाची दलदल आणि मिठागरे दिसू लागली, आणि मचवा चिखलात बसला. ओहोटी लागली होती.

"आता?" मी विचारले.

"आता बसायचा," तांडेल म्हणाला.

बाटली मी ओल्या फडक्यात गुंडाळून शिडाच्या सावलीत ठेवली होती. तिच्यापाशी पहारा करीत मीही आडवा झालो. पोटात घावने होती. डोळा लागला. सूर्य मात्र झोपला नव्हता. मी जागा झालो तेव्हा सावली माझ्या अंगावर आणि ऊन बाटलीवर होते. फडके पापडासारखे वाळले होते, काच हाताला चटके देत होती, आणि बूच बोटाच्या पेराएवढे वर येऊन कडेने ओल झिरपत होती.

मी ती ओल बोटाने टिपली. बोट पुसायला दुसरे काही नव्हते म्हणून ते तोंडात गेले. हे मी आज उघड लिहितो, कारण मला प्रायश्चित्त द्यायला येतील अशी मंडळी आता उरलेली नाहीत.

आंबट. साधी आंबट नव्हे, दात शिवशिवतील अशी. कच्च्या कैरीची फोड चावल्यावर डोळा आपोआप मिटतो, तसा माझा मिटला.

तांडेल पाहतच होता. "आंबली ना? ऊन लागला का असाच व्हतो, रावसाहेब. आमची तारी बघा. सकालची साखर, दुपारचा शिरका."

हे मलाही पटले. ठाणे जिल्ह्यात राहून ताडी कोणाला ठाऊक नाही? पहाटे उतरवलेली नीरा किती गोड आणि गार, आणि तिच्यावर दोन प्रहरचे ऊन पडले की नाक धरावे लागते. फ्रान्सचे द्राक्ष काय, खाडीकाठचा ताड काय, ऊन सगळीकडे एकच. साहेबांनी सांगितलेलेच होते की उष्णता सोसत नाही. सोसली नाही. संपले. माझ्या डोळ्यांपुढे मुरबाडचे रान उभे राहिले.

"चुना टाका जरासा," तांडेल आपला चंचीतला डबा पुढे करीत म्हणाला. "मडक्याला चुना लावला का तारी आंबत नाय."

"आंबल्यावर टाकून काय उपयोग?"

"त्ये बी खरा." त्याने चुना आपल्या पानाला लावला आणि माझ्या दुःखाकडे पाहत चघळत बसला.

संध्याकाळच्या भरतीने आम्ही कल्याणला लागलो. मोठे साहेब दुसऱ्या दिवशी रात्री जेवायला यायचे होते. मी छावणीत न जाता बंदराजवळ माझी मावशी राहत असे, तिच्याकडे उतरलो. मावशी सोवळ्यात कडक. तिच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मांजरसुद्धा थबकत असे. पण बिघडलेला पदार्थ सुधारण्यात तिचा हात धरणारे कल्याणात कोणी नव्हते. खारट आमटी, पातळ झालेला पाक, सगळे तिच्याकडे येई.

सकाळी मी बाटली पडवीत ठेवून म्हणालो, "मावशी, हे द्राक्षासव. वैद्याने साहेबांसाठी दिले आहे. पण फार आंबट झाले आहे."

द्राक्षासव औषध आहे, शास्त्रात सांगितलेले आहे आणि द्राक्षांचेच असते. त्यामुळे मी खोटे बोललो असे म्हणवत नाही. वैद्य तेवढा पदरचा होता.

मावशीने उंबऱ्यातूनच वास घेतला. "द्राक्षं पिकू तरी द्यायची होती मेल्यानं. कुठली म्हणे?"

"थंड मुलखातली. डोंगरावरची."

"तरीच. ऊन नाही तिथे गोडी कुठली? ते बूच काढ. कशानं काढतोयस? तो अडकित्ता माझा आहे, जपून. आणि पितळेच्या भांड्यात ओतू नकोस, कळकेल. ती चिनी मातीची बरणी घे, खालची, लोणच्याची नव्हे."

मी ओतले. रंग मोठा सुरेख होता, फिकट, किंचित हिरवट, उकडलेल्या कैरीच्या पाण्यासारखा. आता कल्याणातल्या कोणत्याही गृहिणीला असे काही दाखवले आणि ते आंबट आहे असे सांगितले, तर तिच्या मनात दुसरे येणार काय?

"पन्हं कर," मावशी म्हणाली. "खडीसाखर कुटून घाल. आणखी. आणखी घाल रे, साहेबाच्या पोटात जायचंय, तुझ्या नव्हे. आता वेलची. केशर दुधात नको, फाटेल, नुसतं खलून घाल. आणि मीठ, चिमूटभर."

"मीठ कशाला?"

"नुसती साखर तोंडाला चिकटते. मीठ पडलं की चव उभी राहते. इंग्रजी शिकवताना हे शिकवत नाहीत वाटतं."

स्वतः तिने बरणीला बोट लावले नाही. देवाच्या नैवेद्याचा स्वयंपाक ती आयुष्यभर न चाखता करीत आली होती, तशीच लांबून बोलत राहिली आणि मी ढवळत राहिलो. मग फडक्याने गाळून नरसाळ्याने पुन्हा बाटलीत भरले. साखरेमुळे माल वाढला होता. वाटीभर उरला.

"टाकून देऊ?" मी विचारले.

"औषध टाकतात का? मला रात्रीपासून वात आहेच. ठेव ती वाटी तिथे."

वात गेला. वाताबरोबर आणखीही बरेच काही गेले. माझ्या जन्मात न हसलेली मावशी पडवीच्या खांबाला टेकून बसली आणि कैलासवासी मावसा घोरत कसे, ते मला तीन सुरांत करून दाखवू लागली. शेजारच्या काकू डोकावल्या, तर त्यांना हाताला धरून बसवले आणि त्यांच्या सुनेच्या करंज्या बऱ्या असतात असे सांगितले. काकू घाबरून घरी गेल्या. दोघींचा त्या करंज्यांवरून दिवाळीपासून अबोला होता.

"त्या वैद्याला सांग," मावशी मला म्हणाली, "महिन्याला एक बाटली इकडे पाठवत जा म्हणावं."

बूच बसवून वर लाख ओतायची होती. लाखेची कांडी आणि कचेरीचे शिक्के माझ्या पिशवीत असतच. दिव्यावर लाख वितळवली, बाटलीच्या तोंडावर छान लाल टोपी बसवली, आणि ती ओली आहे तोवर, आयुष्यभराच्या सवयीने, तिच्यावर सरकारी मोहोर उमटवली. हात थांबला तेव्हा उशीर झाला होता. पण मोहोर इतकी स्वच्छ उठली होती की मोडवेना.

संध्याकाळी छावणीत बाटली बटलरच्या स्वाधीन केली. तो गोव्याचा, साहेबांपेक्षा साहेब. त्याने मोहोर पाहिली, मला पाहिले, पण हुजुराची मोहोर म्हणजे हुजुराचा हुकूम असेल असे समजून बाटली आत नेली. मी जेवणाच्या तंबूच्या कनातीमागे, हाक मारली तर ओ देता यावी म्हणून, उभा राहिलो. खरे म्हणजे अर्ज मंजूर होताना ऐकावा म्हणून.

कनातीला एक भोक होते. मोठे साहेब मोठेच होते, सगळ्या बाजूंनी. आमचे साहेब त्यांच्यापुढे शाळेतल्या पोरासारखे ताठ बसले होते. त्यांच्या बढतीचे कागद मोठ्या साहेबांच्या हातून जायचे होते हे कचेरीत सर्वांना ठाऊक होते. आणि आमच्या साहेबांनी बाटली यायच्या आधी तिची ओळख करून द्यायला सुरुवात केली. इंग्रजीत. मला इंग्रजी येत नसते तर ती पाच-दहा मिनिटे तरी सुखाची गेली असती.

ते सांगत होते, ही जिथली दारू तो द्राक्षांचा मळा पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे आहे, आणि पीक मनासारखे आले नाही तर ते लोक दारू ओतून देतील पण आपल्या नावावर विकणार नाहीत. मुलूख इतका थंड की वेलींना पालवी फुटल्यावरही रात्री हिम पडते, तेव्हा मळ्यात शेकोट्या पेटवून वेली जगवतात. द्राक्ष शार्डोने जातीचे, पांढरे. ते सावकाश पिकते आणि गोडाला जात नाही. "हिच्यात साखरेचा लवलेशही नसतो, सर. पहिला घोट म्हणजे पावसाने धुतलेला चुनखडीचा दगड. मग हिरवे सफरचंद. आणि शेवटी जिभेच्या कडांवर एक आंबट धार, लिंबासारखी. तिची सारी प्रतिष्ठा त्या धारेत आहे."

मी ती धार मावशीकडून बोथट करून आणली होती. ऊन लागून बाटली आंबलीच नव्हती. ती जन्मतःच खानदानी आंबट होती.

बटलरने बाटली आणली. साहेबांचे लक्ष लाल लाखेवर गेले. त्यांनी मान वाकडी करून आपल्याच कचेरीची मोहोर वाचली. बूच निघाले. पेले भरले. आमच्या साहेबांच्या पेल्यात फडक्यातून निसटलेली केशराची एक काडी वर आली आणि गोल फिरू लागली.

मोठ्या साहेबांनी पेला नाकाशी नेला. डोळे मिटले. घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतले.

"यंग मॅन," मोठे साहेब म्हणाले, "साखरेचा लवलेश नाही म्हणालास?"

"नसायला हवा, सर."

"तुझी जीभ अजून कोवळी आहे. खऱ्या चांगल्या वर्षाची दारू तू प्यायलेला नाहीस. असे वर्ष क्वचित येते. ऊन भरपूर पडलेले असते. त्या वर्षी हिच्यात मध उतरतो. आणि मसाला. मी तरुणपणी एकदाच चाखली होती, त्यानंतर आज." त्यांनी पेला पुढे केला. "गोडी आहे, पण तोंडाला चिकटत नाही. हेच थोर घराण्याचे लक्षण."

आमच्या साहेबांनी आपला घोट तोंडात घेतला. एरंडेल दिलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर जे येते ते त्यांच्या चेहऱ्यावर आले, आणि बढतीने ते मागे ढकलले. "होय, सर," ते म्हणाले. "मध आहे."

बाटली मोठ्या साहेबांनी संपवली.

सकाळी मला बोलावणे आले. साहेब तळ्याकाठी खुर्ची टाकून बसले होते. टेबलावर रिकामी बाटली आणि शेजारी माझा अर्ज.

"तुम्ही हिच्यात काय घातले?"

"साखर, साहेब."

"आणखी?"

"वेलची."

"आणखी?"

"केशर. आणि चिमूटभर मीठ."

"मीठ कशाकरिता?"

"मावशी म्हणाली, नुसती साखर तोंडाला चिकटते."

साहेबांनी रिकामी बाटली बाजूला सरकवली. "मोठे साहेब मुरबाडला शिकारीस येणार आहेत," ते म्हणाले. "नंतर शहापुरासही. केवळ या मदिरेसाठी. बंगल्यातून उरलेल्या बाटल्या मागवल्या आहेत."

पुढे काय येणार ते मला दिसू लागले. "मी मापे सांगतो, साहेब. बटलर करील."

"त्याला मी विचारले. तो रडू लागला." साहेबांनी अर्ज ओढून घेतला आणि त्यावर लिहिले की या कारकुनावाचून दौरा चालणे शक्य नाही, सबब नामंजूर. इतकी मोठी शिफारस त्या कचेरीत कोणाला मिळाली नव्हती. जोडीच्या कारकुनांनी मला पेढे मागितले. दप्तरखान्याची जागा ज्याला मिळाली त्याने सर्वांत जास्त मागितले.

टिटवाळा झाले, खडवलीला आलो. भातसेच्या काठी तंबू लागले. इथून पुढे मुरबाडची वाट. एका संध्याकाळी साहेबांनी मला नदीवर बोलावले. त्यांनी बाटल्यांतली एक स्वतःसाठी काढली होती, पाण्यात दोरीने सोडून गार केली होती. एका लहानशा पेल्यात थोडी ओतून माझ्यापुढे धरली.

"साखरेवाचून," ते म्हणाले. "आपण काय केले ते तुम्हाला कळावे म्हणून."

त्यांचा आवाज मऊ होता. माझ्या लक्षात आले की राग गेला आहे. मुरबाड अजून एका मुक्कामावर आहे. साहेबाचे मन जिंकायची हीच वेळ. मी इकडेतिकडे पाहून घोट घेतला. आंबट. तेवढीच आंबट, फक्त गार. पण मी डोळे मिटले, मोठ्या साहेबांसारखे, आणि सावकाश उघडले.

"पावसाने धुतलेला दगड," मी म्हणालो.

साहेब खुर्चीत सरसावले. "आणि मग?"

"हिरवे सफरचंद, साहेब." सफरचंद मी तोवर चित्रातच पाहिले होते. "आणि शेवटी कडांवर धार येते. ती येते म्हणूनच हिला प्रतिष्ठा आहे, असे मला वाटते."

साहेबांचे डोळे पाणावले. या देशात आल्यापासून त्यांच्याशी असे कोणी बोलले नसावे. मी संधी साधली. "साहेब, ठाण्याच्या दप्तरखान्यात अजून एका माणसाची गरज आहे असे ऐकतो."

"दप्तरखान्यात?" साहेब म्हणाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जो त्यांनी आजवर कोणाच्याही खांद्यावर ठेवला नव्हता. "इतकी जाणती जिव्हा असलेला मनुष्य मी वाळवीपाशी ठेवणार नाही. आजपासून प्रत्येक दौऱ्यात तुम्ही माझ्या सोबत राहाल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही मुरबाडच्या वाटेला लागलो.